प्रशिक्षण संपताना, शाळेत रुजू होताना : परदेशी जाणाऱ्या स्वयंसेवक शिक्षकांसाठी

परदेशात स्वयंसेवक शिक्षक पाठवणाऱ्या संस्थांच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. अमेरिकी सरकारच्या पीस कोअर या स्वयंसेवक संस्थेची सेवा २७ महिन्यांची असते. त्यातले पहिले सुमारे तीन महिने त्याच देशात, बहुधा एखाद्या कुटुंबात राहून प्रशिक्षण घेण्यात जातात आणि पुढची दोन वर्षे नेमणुकीच्या गावी. या संस्थेची पहिली तुकडी १९६१च्या ऑगस्टअखेर घानात उतरली आणि ती शिक्षकांचीच होती. ब्रिटनमध्ये १९५८ साली सुरू झालेली व्हीएसओ ही स्वयंसेवक संस्था, १९६५ पासून चालणारा जपानचा कार्यक्रम, संयुक्त राष्ट्रांची स्वयंसेवक यंत्रणा, प्रत्येकाच्या अटी आणि मुदती निराळ्या. पण प्रशिक्षण केंद्र सोडून अनोळखी शाळेच्या दारात उभे राहण्याचा काळ सगळ्यांना सारखाच जड जातो. प्रशिक्षणाचे शेवटचे तीन आठवडे आणि शाळेतले पहिले सत्र एवढ्यापुरताच हा लेख आहे.

तुम्ही जाण्यापूर्वी ती शाळा चालू होती आणि तुम्ही परतल्यावरही चालू राहणार आहे. त्यामुळे पहिल्या सत्रात तुमचे मुख्य काम नवे काही उभे करण्याचे नाही. आहे ते काम नीट समजून घ्यायचे आणि तिथल्या एका शिक्षकाबरोबर ते करायला लागायचे, एवढे साधले तरी सत्र सार्थकी लागले. पुढचे सारे तपशील याच दृष्टीने वाचा.

शेवटचे तीन आठवडे : भाषा

बहुतेक कार्यक्रमांत प्रशिक्षण संपताना भाषेची तोंडी परीक्षा असते, साधारण वीस-तीस मिनिटांच्या गप्पांसारखी. परीक्षक आधी तुम्हाला सहज जमेल असे विचारतो आणि मग मुद्दाम अवघड करत नेतो. तुम्ही कुठे अडता हेच त्याला पाहायचे असते. म्हणून शेवटी अडखळलात तर घाबरू नका, ती परीक्षेची रीतच आहे. पाठ केलेले भाषण मात्र लगेच ओळखू येते आणि त्याचा उपयोग होत नाही. शब्द आठवला नाही तर त्याच्याभोवती बोला : ‘कुलूप’ सुचले नाही तर ‘दार बंद करायची वस्तू, किल्लीने उघडते ती’. गप्प बसण्यापेक्षा याला जास्त गुण मिळतात आणि पुढे गावातही हीच सवय तारून नेते.

परीक्षेच्या तयारीहून महत्त्वाची आहे ती वर्गातली भाषा. चाळीसेक वाक्यांची यादी करा : वही काढा, पान उघडा, फळ्याकडे पाहा, जोडीने बोला, पुन्हा सांग, मोठ्याने बोल, आज कोण आले नाही, हात वर करा, पुरे, शाबास. भाषा शिकवणाऱ्या शिक्षकाकडून ती ध्वनिमुद्रित करून घ्या आणि तोंडात बसेपर्यंत म्हणा. व्याकरण चुकीचे असले तरी चालते, पण सूचना देताना चाचपडलात तर वर्ग हातचा जातो. दुसरे म्हणजे आकडे. एक ते हजारपर्यंतचे आकडे वेगाने ऐकून ओळखता आले पाहिजेत. पानांचे क्रमांक, गुण, तासाची वेळ, गाडीचे भाडे, सगळे त्यांतच असते आणि नवख्याची फजिती बहुधा तिथेच होते. एकाने भराभर आकडे म्हणायचे आणि दुसऱ्याने लिहायचे. रोज दहा मिनिटे हा सराव तीन आठवडे केला तरी फरक जाणवतो.

सरावपाठ

प्रशिक्षणातल्या सरावपाठांत एक फसवी सोय असते. वर्गात वीस-पंचवीस मुले, तीही सुट्टीत हौसेने आलेली, मागे मदतीला प्रशिक्षक. नेमणुकीच्या शाळेत साठ-सत्तर मुले आणि आठ-दहा पाठ्यपुस्तके असू शकतात. म्हणून शेवटच्या आठवड्यात दोन वर्ग एकत्र करून निदान एक पाठ घेऊ द्या, अशी विनंती करा. पाठ पुस्तकांच्या झेरॉक्सशिवाय, फक्त फळा आणि खडू यांवर घेऊन पाहा.

सरावपाठ कोसळतात ते बहुतेक वेळा विषयामुळे नव्हे, सूचनांमुळे. सूचना देण्याचा क्रम असा ठेवा. आधी सगळ्यांना थांबवा, हातातल्या वस्तू खाली ठेवायला लावा. मग दोन-तीन छोट्या वाक्यांत काय करायचे ते सांगा. एका मुलाला पुढे बोलावून त्याच्याबरोबर प्रत्यक्ष करून दाखवा. शेवटी ‘समजले का?’ असे विचारू नका. त्याला जगात कुठेही ‘हो’ असेच उत्तर येते. त्याऐवजी ‘किती वाक्ये लिहायची?’, ‘एकट्याने की जोडीने?’ असे विचारा. उत्तर चुकले तर करून दाखवण्याची पायरी पुन्हा घ्या. वह्या-पाने आधी वाटली आणि मग बोलायला लागलात तर निम्मा वर्ग ऐकणारच नाही.

प्रश्न विचारल्यावर थांबण्याचेही तसेच. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी वर्गांच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास केला, तेव्हा दिसले की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एखादाच सेकंद थांबतात. ही वेळ तीन सेकंदांपर्यंत नेली, की मुलांची उत्तरे लांबतात आणि एरवी गप्प बसणारीही बोलू लागतात. परक्या भाषेत शिकणाऱ्या मुलाला तर प्रश्न मनात उलगडायलाच वेळ लागतो. मनातल्या मनात पाच आकडे मोजा. सुरुवातीला ती शांतता अंगावर येते; येऊ द्या.

नेमणुकीच्या गावाची पाहणी

बऱ्याच कार्यक्रमांत प्रशिक्षण चालू असतानाच दोन-चार दिवस गावी पाठवतात. हे दिवस भेटीगाठींत आणि जेवणांत संपून जातात आणि विचारायचे ते राहून जाते. वहीच्या पहिल्या पानावर प्रश्न लिहूनच जा. शाळेत कोणते वर्ग, प्रत्येकात किती मुले, तास किती मिनिटांचा, पुस्तके किती, फळ्याची अवस्था काय, परीक्षा कोणत्या महिन्यांत, तुमच्या आधी कोणी स्वयंसेवक होता का आणि त्याने काय सोडले. राहण्याच्या खोलीबद्दल : दाराला आतून कडी आहे का, खिडकीला गज आहेत का, छत गळते का, पाणी कुठून आणि कोणत्या वेळी येते, संडास किती लांब आणि रात्री तिथवर उजेड आहे का, सर्वांत जवळचे आरोग्य केंद्र कुठे, फोनला कोणत्या जागी रेंज येते. खोलीत काही कमी असेल तर ते परत येऊन संस्थेला लेखी कळवा. तुम्ही राहायला गेल्यावर दुरुस्ती करून घेणे दहापट अवघड असते, कारण मग तुम्ही तक्रार करणारे पाहुणे ठरता.

शक्य झाल्यास तुमच्या जोडीदार शिक्षकाबरोबर, म्हणजे ज्याच्यासोबत वर्ग घ्यायचे त्या तिथल्या शिक्षकाबरोबर, एक पूर्ण तास बसा. मोठ्या बेतांवर बोलण्यापेक्षा त्याचे वेळापत्रक पाहा आणि त्याला शिकवताना सर्वांत नकोसा वाटणारा धडा कोणता ते विचारा. पुढे याच धड्यापासून एकत्र काम सुरू करता येते.

कागदपत्रे, पैसे, सामान

पारपत्राची मुदत सेवा संपल्यानंतरही किमान सहा महिने शिल्लक हवी. पदवी प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती, लसीकरणाचे पिवळे पुस्तक (आंतरराष्ट्रीय लसीकरण प्रमाणपत्र), रहिवासी परवान्याचा अर्ज, संस्थेचे ओळखपत्र आणि मुख्याध्यापकांच्या नावाचे परिचयपत्र या प्रत्येकाच्या चार प्रती करून दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा. डझनभर पासपोर्ट आकाराचे फोटोही बरोबर असू द्या. छोट्या गावात ते काढून मिळत नाहीत आणि प्रत्येक कचेरीला दोन हवे असतात. परिचयपत्रावर शिक्का आहे ना, तेही पाहून घ्या. अनेक देशांत शिक्का नसलेल्या कागदाला कागदच मानत नाहीत.

घर लावायला एकरकमी भत्ता मिळतो. तो हातात पडला की बाजारात जाऊन सगळा खर्च करायचा मोह होतो. आमचा सल्ला असा, की एक तृतीयांश आधी खर्च करा आणि उरलेला महिनाभर तसाच ठेवा. महिनाभर राहिल्यावर खरी गरज कळते, आणि काही वस्तू शेजारीच मिळतात. पहिल्या खरेदीत गादी, मच्छरदाणी, झाकणाच्या दोन बादल्या, पाणी गाळायचे साधन, चूल किंवा स्टोव्ह आणि दोन चांगली कुलपे एवढेच असावे. कुलूप आपले घाला. जुन्याच्या किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत ते कोणालाच ठाऊक नसते. कोळशाची शेगडी पेटवणार असाल तर ती कधीही बंद खोलीत ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि थंडीच्या रात्री झोपेतच माणसे जातात.

शपथविधी

पीस कोअरमध्ये शपथ घेईपर्यंत तुम्ही प्रशिक्षणार्थी असता, शपथेनंतर स्वयंसेवक. इतर संस्थांतही छोटा-मोठा समारंभ असतो. तुकडीतल्या एक-दोघांना स्थानिक भाषेत बोलायला सांगतात. दोन मिनिटांचे भाषण पुरे : आभार कोणाचे, काय शिकलो, कुठे चाललो. भाषण भाषाशिक्षकाकडून तपासून घ्या. आदरार्थी रूपे आणि मान्यवरांच्या नावांचा क्रम चुकणे शब्द चुकण्यापेक्षा महागात पडते.

ज्या कुटुंबात राहिलात त्यांचा निरोप घाईत घेऊ नका. तीन महिने त्यांनी तुम्हाला बाळासारखे बोलायला शिकवलेले असते. छापलेला एक फोटो आणि परत भेटायला येण्याचा ठरलेला महिना, या दोन गोष्टी महागड्या भेटवस्तूपेक्षा जास्त जपल्या जातात. मात्र जो महिना सांगाल तो पाळा.

पहिला आठवडा : कोणाला आधी भेटायचे

क्रम महत्त्वाचा आहे. मुख्याध्यापक पहिले. पुढे कोणाकडे जायचे हे त्यांनाच विचारा आणि शक्यतो त्यांच्याबरोबर किंवा जोडीदार शिक्षकाबरोबर जा : गावाचे प्रमुख, शिक्षण कचेरी, पोलीस ठाण्यातली नोंद, आरोग्य केंद्र, धार्मिक वडीलधारी. शेवटी आळीतली घरे. एखाद्या मानाच्या माणसाला वगळून दुसऱ्याकडे आधी गेलात तर ते वर्षभर लक्षात राहते. सगळे शिक्षक जसे कपडे घालतात, त्याहून एक पायरी नीटनेटके राहा. सैल करायला पुढे पुष्कळ वेळ आहे.

स्वतःची ओळख तीन वाक्यांत सांगा : नाव, कोणत्या शाळेत काय शिकवणार, किती दिवस राहणार. त्यापाठोपाठ येणारे प्रश्न ठरलेले आहेत. पगार किती, लग्न झाले का, धर्म कोणता, आम्हाला तुमच्या देशात नेणार का, शाळेला काय आणले? यांची सौम्य उत्तरे आधीच स्थानिक भाषेत तयार ठेवा. पैशांबद्दल पहिल्याच दिवशी स्पष्ट राहा : मला राहण्या-खाण्यापुरता भत्ता मिळतो, मी निधी घेऊन आलेलो नाही, मी शिकवायला आलो आहे. इथे संकोचाने ‘बघू’ म्हटलेत तर ते वचन समजले जाते.

शाळेतले पहिले दोन आठवडे

वेळापत्रक हातात येताच शिकवायला सुरुवात करू नका. दोन आठवडे इतरांचे तास मागच्या बाकावर बसून पाहण्याची परवानगी मागा. मागताना ‘मला शिकायचे आहे’ असे म्हणा आणि वर्गात वहीत फार लिहू नका. परदेशी माणूस मागे बसून टिपणे काढतो आहे, हे कोणत्याही शिक्षकाला तपासणीसारखे वाटते. टिपणे बाहेर आल्यावर काढा. काय पाहायचे? शिक्षक वर्गात शिरल्यावर मुले काय करतात. शांतता कशी होते. मुले बसून उत्तर देतात की उभी राहून. फळ्यावर तारीख कशी लिहितात, समास कुठे आखतात, वहीत लाल शाई फक्त शिक्षकाची असते का. मुलांना या गोष्टी तुमच्या धड्याहून पक्क्या ठाऊक असतात. त्या मोडल्या, की वर्गाचा पहिला तास गोंधळात जातो.

कार्यालयातून अभ्यासक्रम, वार्षिक नियोजन आणि गेल्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळवा. प्रश्नपत्रिका सर्वांत आधी वाचा. परीक्षेत मुलांनी उतारा वाचून मोजक्या शब्दांत उत्तरे लिहायची असतील आणि तुम्ही सत्रभर फक्त खेळ आणि संवाद घेतलेत, तर मुले, पालक आणि सहकारी तिघेही तुमच्या तासाला गंमत समजतील. गुणांची पद्धतही समजून घ्या. फ्रेंच धाटणीच्या शाळांत गुण वीसपैकी असतात आणि दहाला पास. तिथे चौदा-पंधरा म्हणजे उत्तम. शंभराच्या सवयीने सढळ गुण दिलेत तर सगळा निकाल बिघडतो.

मुख्याध्यापक बहुधा आनंदाने तुम्हाला पूर्ण कामाचे वेळापत्रक देतील. पहिल्या सत्रात आठवड्याला १२ ते १६ तास मागा. त्यामागे दोन कारणे आहेत. नवख्याला एका तासाच्या पाठटाचणाला एक-दीड तास लागतो, हे झाले पहिले. दुसरे अधिक गंभीर आहे : तुम्ही सगळे तास घेतलेत तर पगारी शिक्षकाला त्या वर्गातून मोकळे केले जाते, आणि तुम्ही गेलात की वर्ग पोरका. म्हणून निदान काही तास तरी दोघांनी मिळून घ्यायचे ठरवा.

जोडीने शिकवणे

हे काम बोलायला सोपे, करायला सर्वांत अवघड. नेहमी बिघडते ते दोन प्रकारांनी. एक, तुम्ही शिकवता आणि जोडीदार फक्त भाषांतर करतो किंवा मुलांना दटावतो. दोन, तुम्ही वर्गात आलात, की तो शिक्षकखोलीत जाऊन वह्या तपासतो. दोन्हींचे मूळ एकच : पाठाचे टाचण तुम्ही एकट्याने केलेले असते, त्यामुळे त्याला करायला काही उरलेलेच नसते.

उपाय वेळापत्रकातच घाला. आठवड्यातून एक ठरलेली वेळ, पाऊण तास, फक्त पुढच्या आठवड्याच्या नियोजनासाठी. ‘वेळ मिळेल तेव्हा बसू’ कधीच होत नाही. कागदावर तीन रकाने आखा : वेळ, एक शिक्षक काय करतो, दुसरा काय करतो. उदाहरणार्थ, पहिली पाच मिनिटे तो उजळणी घेतो आणि तुम्ही हजेरी. पुढची दहा मिनिटे तुम्ही उच्चार आणि नवे शब्द, तो फळ्यावर लिहितो. मग तो नियम समजावतो, कारण ते त्याला मुलांच्या भाषेत सांगता येते आणि तुमच्यापेक्षा चांगले जमते. सराव चालू असताना तुम्ही डाव्या रांगा फिरता, तो उजव्या. सुरुवातीला आठवड्याला दोनच तास असे घ्या. पाठ संपल्यावर दोन मिनिटे उभ्याउभ्याच बोला, आणि आधी तुमचे काय चुकले ते सांगा. मुलांसमोर त्याला दुरुस्त करू नका, त्याने फळ्यावर चुकीचे शब्दलेखन केले तरीही. ते तासानंतर, एकट्यात.

तुमचा पहिला तास

चाळीस मिनिटांचा तास धरून टाचण असे करता येईल. पहिली पाच मिनिटे मुलांच्या पद्धतीने अभिवादन आणि तुमची ओळख, सावकाश, तीन वाक्ये. पुढची दहा मिनिटे नावे : कागदाची घडी घालून प्रत्येकाने नाव लिहून बाकावर उभे ठेवायचे आणि एका मुलाने बैठकीचा नकाशा काढायचा. साठ नावे एका दिवसात पाठ होत नाहीत, पण नकाशा टेबलावर असला की पहिल्याच आठवड्यात नावाने हाक मारता येते, आणि शिस्तीचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. मग वर्गाचे तीन नियम, करून दाखवून. तीनच. शेवटची पंधरा-वीस मिनिटे दहा प्रश्नांची छोटी चाचणी, गुणांशिवाय : गेल्या वर्षीच्या धड्यांवरचे पाच सोपे, तीन मध्यम, दोन अवघड. त्यावरून वर्ग प्रत्यक्षात कुठे आहे ते कळते. पुस्तक ज्या पायरीवर उभे असते, तिथे वर्ग क्वचितच असतो.

फळा तीन भागांत वाटा. डावीकडे तारीख, विषय आणि नवे शब्द, ते तासभर पुसायचे नाहीत. मधला मोठा भाग धड्याचा. उजवीकडे कच्चे काम. एक ओळ लिहून शेवटच्या बाकावर जाऊन स्वतः वाचून पाहा. नव्या लांब खडूने करकर आवाज येत असेल तर तो मोडून अर्धा करा आणि तिरका धरा. लिहिताना वर्गाकडे पाठ फिरवू नका, एका बाजूला उभे राहून लिहा. मोठ्या वर्गात दहा सेकंद पाठ फिरवली तरी गोंधळ व्हायला तेवढे पुरते.

वह्यांचा हिशेब आधीच मांडा. साठ वह्या, प्रत्येकी दोन मिनिटे म्हणजे दोन तास, तेही एकाच वर्गाचे. रोज बारा वह्या तपासा, पाच दिवसांत फेरी पूर्ण होते. उरलेल्यांचे शेजाऱ्याने शेजाऱ्याचे तपासावे, उत्तरे फळ्यावर. गट करायचे तर बाक हलवू नका. पुढच्या बाकावरची मुले मागे वळली की चार-पाचांचा गट तयार. प्रत्येक रांगेला एक प्रमुख नेमा, पुस्तके-वह्या वाटायचे आणि गोळा करायचे काम त्याचे. दर आठवड्याला प्रमुख बदला, आणि मुलींना आवर्जून नेमा.

छडीचा प्रश्न पहिल्या आठवड्यातच समोर येईल. कोणीतरी आपुलकीने तुमच्या हातात छडी देईल, किंवा तुमच्या वर्गातला मुलगा शिक्षा देण्यासाठी दुसरीकडे पाठवला जाईल. तुम्ही मारणार नाही आणि तुमच्या वतीने कोणी मारणार नाही, हे मुख्याध्यापकांना एकट्यात, पहिल्याच आठवड्यात सांगा. सहकाऱ्यांना त्यावर व्याख्यान मात्र देऊ नका. त्याऐवजी तुमच्या वर्गात शांतता कशी होते ते त्यांना दिसू द्या : हात वर केला की सगळ्यांनी हात वर करायचा, टाळीचा ठेका मुलांनी परत द्यायचा, रांगांना गुण. मुले सुरुवातीला तुम्हाला पारखतील, कारण छडी नसलेला शिक्षक त्यांनी पाहिलेला नसतो. तीन-चार आठवडे दम धरा आणि नियम एकदाही सैल सोडू नका.

ओरडून वर्ग आवरणाऱ्यांचा घसा दुसऱ्या आठवड्यात बसतो. पाण्याची बाटली टेबलावर ठेवा, सूचना फळ्यावर लिहा, आवाज खाली आणून बोला.

साधने

पाऊस, वाळवी आणि धूळ यांत कागदी तक्ते सत्रभरही टिकत नाहीत. तांदळाचे किंवा खताचे विणलेले प्लास्टिक पोते उसवून, नीट धुऊन, कडा शिवून त्यावर रंगाने किंवा जाड मार्करने तक्ता काढा. तो गुंडाळून ठेवता येतो, ओला झाला तरी बिघडत नाही. खळ हवी असेल तर एक भाग पीठ थंड पाण्यात कालवून मग चार-पाच भाग पाण्यात ढवळत शिजवा. आधीच उकळत्या पाण्यात पीठ टाकले की गुठळ्या होतात. मोजणीसाठी बाटल्यांची शंभर झाकणे दोन रंगांत दहा-दहा ओवून घ्या. जे गावात मिळत नाही त्यापासून साधन करू नका, कारण ते मोडल्यावर पुन्हा कोणी करणार नाही.

प्रकृती

गावी गेल्यावर तिसऱ्या महिन्यात लोक हिवतापाची गोळी सोडतात, कारण तोवर काही झालेले नसते. झालेले नसते ते गोळीमुळेच. तुमची गोळी रोजची आहे की आठवड्याची, आणि तो भाग सोडल्यावर किती दिवस चालू ठेवायची, ते लिहून भिंतीला लावा. डॉक्सिसायक्लिन असेल तर भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका. शिवाय तिने ऊन जास्त लागते. ताप आला तर त्याच दिवशी तपासणी, ‘उद्या पाहू’ नाही.

जुलाब झाले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त पडले तर अपाय होतो, म्हणून चमचा बोटाने सपाट करा. पाणी एक मिनिट खळखळ उकळले तर पुरते, दोन हजार मीटरपेक्षा उंच गावात तीन मिनिटे. कुत्रा चावला तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे, घड्याळ लावून धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. आधी लस घेतलेली असली तरी चावल्यानंतरचे डोस घ्यावेच लागतात.

आणि या सगळ्यांपेक्षा रस्त्याला जास्त भ्या. रात्रीचा प्रवास टाळा. हेल्मेट स्वतःचे ठेवा आणि दुचाकीवर बसण्याबाबत संस्थेचा नियम जो असेल तो अपवादाशिवाय पाळा.

मुलांच्या सुरक्षेचे नियम

यांत तडजोड नाही. विद्यार्थ्याबरोबर बंद दाराआड एकटे बसू नका. जादा तास उघड्या वर्गात, दोन-तीन मुलांना एकत्र. मुले घरी आली तर अंगणात बसवा. पालक आणि शाळेच्या परवानगीशिवाय मुलांचे फोटो काढू नका, समाजमाध्यमांवर टाकू नका. एका मुलाची फी गुपचूप भरू नका. दुसऱ्या दिवशी वीस जण दारात असतात, आणि त्या मुलाचे वर्गातले स्थानही बदलते. मदत करायचीच असेल तर शाळेमार्फत, नाव न सांगता. एखाद्या मुलावर अत्याचार होत असल्याची शंका आली तर स्वतः चौकशी करत बसू नका. प्रशिक्षणात सांगितलेल्या व्यक्तीला त्याच दिवशी कळवा.

तिसरा ते सहावा आठवडा

या काळात मन खाली जाते, आणि ते जवळजवळ सगळ्यांचे. नवलाई ओसरलेली असते, भाषेची प्रगती थांबल्यासारखी वाटते, तुकडीतले मित्र लांब असतात. अनेक कार्यक्रमांत पहिले तीन महिने गाव सोडायला बंदी असते, ती यासाठीच. दर शनिवारी दुसऱ्या स्वयंसेवकाकडे पळालात तर गावाशी ओळख होतच नाही. आठवड्याचा साचा बसवा : एक दिवस बाजार, एक संध्याकाळ ठरावीक शेजाऱ्यांकडे, दोन तास भाषा शिकवणीला, घरी फोन ठरलेल्या दिवशी. रोज तासभर घरच्यांशी बोलणारा माणूस मनाने घरीच राहतो. झोप उडाली, जेवण सुटले किंवा आठवडाभर खोलीतून बाहेर पडावेसे वाटले नाही, तर संस्थेच्या डॉक्टरांना सांगा. तेही आजारपणच आहे.

गाव समजून घेणे

वाचनालय, मंडळ, देणग्या, संगणक यांचे बेत पहिल्या सत्रात फक्त वहीत ठेवा. त्याऐवजी तीन सोप्या गोष्टी करा : गावकऱ्यांकडून जमिनीवर गावाचा नकाशा काढून घ्या, वर्षभराच्या शेतकामांचा आणि सणांचा तक्ता करा, आणि मुले-मुली, स्त्रिया-पुरुष यांचे रोजचे वेळापत्रक वेगवेगळ्या गटांत विचारा. मुलींचा दिवस पहाटे पाण्यापासून सुरू होऊन रात्री भांड्यांवर संपतो, हे कागदावर दिसले की त्यांचा गृहपाठ का होत नाही ते आपोआप कळते. मग गृहपाठ तासाच्या शेवटच्या दहा मिनिटांत वर्गातच करून घ्यायला लागाल. शेतकामाच्या तक्त्यावरून कोणत्या आठवड्यांत हजेरी घसरते तेही कळते. नवा धडा त्या आठवड्यांत सुरू करू नका. कागदावरच्या सत्रातले तीन चतुर्थांश आठवडेच शिकवायला मिळतील असे धरून नियोजन करा. उशिरा भरणारी शाळा, परीक्षा, समारंभ आणि पाऊस यांत बाकीचे जातात.

नोंदी आणि सत्राचा शेवट

रोज तीन ओळी लिहा : कोणता वर्ग, मुले-मुली किती हजर, काय जमले नाही. तिमाही अहवाल मागतात तेव्हा आठवून आकडे भरणाऱ्यांची तारांबळ उडते. पाठटाचणे जोडीदार शिक्षकाला वाचता येतील अशा भाषेत आणि शाळेच्या वहीत लिहा, तुमच्या लॅपटॉपवर नको. वही शिक्षकखोलीतल्या कपाटात राहू द्या.

सत्र संपण्याच्या दोन आठवडे आधी मुख्याध्यापक आणि जोडीदार शिक्षक यांच्याबरोबर बसून तीन गोष्टी ठरवून घ्या : पुढच्या सत्रात किती तास, त्यांतले जोडीने किती, आणि आठवड्याची नियोजनाची वेळ कोणती. वेळापत्रक सुट्टीत तयार होते आणि एकदा भिंतीवर लागले की वर्षभर हलत नाही, म्हणून ही बैठक सुट्टी लागण्यापूर्वीच झाली पाहिजे.